जळत्या घरापुढे पुरणपोळी

सबनीस काकांनी मला फसवलं, हे मी आजवर इतक्या लोकांना सांगितलं आहे की आमच्या ओळखीच्या मराठी घरांत हा विषय निघाला की माणसं चहा टाकायच्या निमित्ताने उठून जातात. माझा मुलगा डचमध्ये म्हणतो, आई, सोड ना आता. मी सोडत नाही. असं सोडून देत गेले असते तर युट्रेख्टच्या कालव्याकाठी तळघरात जुन्या सामानाचं दुकान काढून ते एवढी वर्षं चालवता आलं नसतं. दुकानाला कोणाचा हातभार लागलेला नाही. बँकेने तर दोनदा चहा पाजून परत पाठवलं होतं. तोंडाने तिखट आणि भावाला घट्ट अशी माझी ख्याती आहे, आणि ती खरी आहे. पण मी जन्मतः अशी नव्हते. एक चित्र आणि एक सायकल यांनी मला अशी केली, आणि ती हकीकत एकदा माझ्या बाजूने, कोणी मधे न बोलता, लिहून काढायची आहे. सबनीस काकांची बाजू ते स्वतः सांगतील. तोंडाने ते अजून ठणठणीत आहेत.

तेव्हा आम्ही नायमेखन ह्या डच गावात राहायचो. बाबा तिथल्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात होते. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख चढवून ते दिवसभर अशा खोलीत काम करायचे की जिथे धुळीचा एक कण पडला तरी चौकशी बसायची. त्यामुळे की काय, घरी आल्यावर ते फारसं काही बोलायचे नाहीत, नुसते सोफ्यावर बसून बोटाने टीपॉय पुसायचे. आमचं घर रांगेतलं, भिंतीला भिंत लागून. पलीकडे एक म्हातारी मेफ्राउ, म्हणजे डच बाई, राहायची. आईच्या कुकरची पहिली शिट्टी तिने ऐकली तेव्हा ती चप्पल न घालता दारात आली होती. पुढे तिला इतकी सवय झाली की तिसऱ्या शिट्टीनंतर आईने गॅस बारीक केला नाही तर ती भिंतीवर टकटक करायची. सकाळी मिक्सरची घरघर, मग बाबांच्या सायकलची साखळी, मग दूरच्या चर्चची घंटा, आणि ह्या सगळ्यांवरून आईचं पुटपुटणं. देव होते स्वयंपाकघरातल्या कपाटात, मसाल्यांच्या वरच्या फळीवर, म्हणून आमच्या देवांना कायम हिंगाचा वास. बैठकीच्या भिंती मात्र ओक्याबोक्या. पुण्याहून आलेलं मराठी कॅलेंडर सोडलं तर एक खिळा नाही. मला त्या भिंतींची लाज वाटायची. वर्गातल्या मुलींच्या घरी भिंतींवर जहाजं होती, फुलं होती, नाक मुरडलेले आजे-पणजे होते. आमच्याकडे एकादश्या.

राणीचा वाढदिवस (आता राजाचा झाला आहे, पण माझ्या तोंडी राणीच बसली आहे) म्हणजे ह्या देशात सगळ्यांना रस्त्यावर दुकान मांडायची मोकळीक. लहान मुलं चादर पसरून जुनी खेळणी विकतात, मोठी माणसं घरातली अडगळ काढतात. माझ्याकडे जुनी खेळणी नव्हती. जी होती ती आईने पुण्याला मावसबहिणींकडे पाठवली होती. म्हणून मी बागेच्या फाटकाशी स्टोव्ह मांडून कांदाभजी तळली. तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. दुपारपर्यंत माझ्याभोवती घोळका, आणि शेजारच्या चादरीवरचा लांबोडका म्हातारा नुसता वास घेत बसलेला. त्याच्या मालात सगळ्यांत पुढे, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येईल असं, चांगलं दोन हात रुंद चित्र ठेवलेलं. चौकट जाड, आणि आत काळं कुट्ट.

“ह्यात काय आहे?” मी विचारलं.

“रात्र,” तो म्हणाला.

“रात्र आमच्याकडे रोज फुकट येते.”

त्याने पंचवीस गिल्डर सांगितले. मी म्हटलं, जेवढं दिसतंय तेवढ्याचे पैसे देते, आणि मला तर काहीच दिसत नाही. तो हसला, पण हसताना त्याने एकदा बायकोकडे पाहिलं, आणि ती बाई चित्राकडे पाहायचं टाळत होती. तिथेच मला समजलं की हे त्याच्या सासूचं आहे आणि ते घरी परत न्यायची दोघांचीही तयारी नाही. ज्याला वस्तू परत न्यायची नाही त्याच्याशी घाई करायची नसते. मी गप्प राहून भजी तळत राहिले. चौथ्या घाण्याला तो उठून आला. दोन बशा भज्यांत सौदा झाला, आणि दुसऱ्या बशीत मी जरा बारकी भजी घातली, हे आज कबूल करायला हरकत नाही.

“अंधार घेऊन आलीस?” आई दारातच म्हणाली. बाबांनी चौकटीवरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि ते हात धुवायला गेले. आठ दिवस ते चित्र जिन्याखाली मेफ्राउच्या भिंतीला टेकून पडलं होतं. मग एका शनिवारी आई केस धुवायला रिठे उकळत होती, त्यातलं वाटीभर पाणी मी पळवलं, बाबांच्या जुन्या बनियनचा बोळा केला आणि अंगणात चित्र आडवं टाकून घासायला बसले. आज कोणी माझ्या दुकानात चित्र आणून “रिठ्याने धुतलं” म्हणालं तर मी त्याला कालव्यात ढकलीन. पण तेव्हा मला कोण सांगणार होतं? बोळा काळा होत गेला, पाणी काळं होत गेलं, आणि मधोमध एक नारिंगी ठिपका उघडा पडला. नखाएवढा. मी दमादमाने त्याच्या कडेकडेने घासत गेले. ठिपक्याची ज्वाळा झाली, ज्वाळेचा लोळ झाला, लोळाच्या उजेडात माणसं दिसायला लागली. हात वर केलेली, तोंडं उघडी टाकलेली, धावणारी, वाकलेली. वरच्या कोपऱ्यात चर्चचा मनोरा आणि त्याच्या बाजूला थंडगार चंद्र, जणू त्याचा ह्या भानगडीशी काही संबंध नाही. मी ओरडले. आई टॉवेल गुंडाळलेल्या डोक्याने बाहेर आली.

“अगंबाई,” ती म्हणाली, “ही तर होळी!”

बाबाही आले. त्यांनी चष्मा पुसला. “होळीच की. हे बघ, बोंबा मारतायत. आणि हा बघ, खाट घेऊन आलाय. सांगलीला आम्ही पण शेजाऱ्याची खाट पळवून होळीत घातली होती.” बाबांना इतकं सलग बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी त्या खाटेची सगळी गोष्ट सांगितली, शेजाऱ्याचं नाव, त्याच्या शिव्या, आजोबांचा मार. तोवर आई आत जाऊन करंडा घेऊन आली आणि तिने बरोबर ज्वाळेच्या मध्यावर अनामिकेने कुंकू लावलं. रंग ओलसर होता. ते कुंकू तिथे चिकटलं ते चिकटलंच. संध्याकाळच्या आत बैठकीच्या भिंतीत आमच्या घरातला पहिला खिळा ठोकला गेला. मेफ्राउने पलीकडून टकटक केली ती बहुतेक चौकशीसाठी.

आता खरं सांगते. चार दिवसांत माझ्या लक्षात आलं होतं की ती होळी नाही. अभ्यासाचं टेबल चित्रासमोर होतं आणि अभ्यासात माझं लक्ष नव्हतं, त्यामुळे त्या चित्रातलं प्रत्येक माणूस मला पाठ झालं. आणि एके दिवशी मी त्यांचे पाय पाहिले. होळीत लाकडं आत जातात. इथे सगळं बाहेर येत होतं. खाट बाहेर येत होती, गाद्या येत होत्या, एक बाई पाळणा घेऊन येत होती, एकजण दरवाजाच उचलून आणत होता. जे मधे पेटलेलं ढीगभर लाकूड वाटत होतं त्याला खिडक्या होत्या. लोक बादल्या घेऊन उभे होते. कोणाचं तरी घर जळत होतं आणि आम्ही त्याच्यासमोर बसून वरणभात खात होतो.

आईला सांगणं शक्यच नव्हतं. माझी आई म्हणजे बांगडी फुटली तरी “वाढली” म्हणणारी, आणि डब्यातलं कुंकू संपलं तरी “वाढलं” म्हणणारी बाई. देवापुढचा दिवा “विझला” असा शब्द आमच्या घरात काढायची सोय नव्हती. तिच्या भिंतीवर जळकं घर! ते चित्र पाच मिनिटांत कचऱ्याच्या गाडीत गेलं असतं. आणि मला ते हवं होतं. ती माझी पहिली खरेदी होती. शिवाय त्यात खाली डाव्या कोपऱ्यात, अंधारात, दोन माणसं होती जी फक्त मला दिसली होती. मागे सगळं गाव पेटलंय, आणि ही बाई काखेत कोंबडी धरून एका माणसाशी हुज्जत घालतेय. त्याने तळहात पुढे केलाय, तिने मान हलवलीय. ते दोघं भाव करतायत, ह्याबद्दल मला आजही शंका नाही. मला ती बाई फार आवडायची. मी गप्प बसले. पाहुणे आले की आई सांगायची, ही इकडची होळी, आणि मी बशा फिरवायची.

पुढे ह्या धंद्यात पडल्यावर कळलं की ह्या देशात असली चित्रं काढण्यात काही चित्रकारांनी आयुष्यं घातली. रात्र, आग, पळापळ, एका बाजूला चंद्र. लोक ती हौसेने विकत घेत, बैठकीत लावत. लाकडाची घरं, गवताची छपरं, एक ठिणगी पुरे. ज्या गोष्टीची सगळ्यांत जास्त धास्ती तिलाच त्यांनी चौकटीत घालून चुलीच्या वर टांगून ठेवलं. आपण भीतीचं नावसुद्धा घेत नाही. ह्यातलं शहाणं कोण ते मला ठरवता आलेलं नाही. मी दोन्ही घरांतली आहे.

सबनीस काका झूटरमेरला राहायचे आणि आमच्या मंडळाचे तहहयात अध्यक्ष होते. मंडळ म्हणजे पंधरा-वीस घरं, देशभर विखुरलेली. सगळ्यांना आगगाडीने सोयीचं म्हणून जमायचं युट्रेख्टला, एका वस्तीतल्या समाजमंदिरासारख्या हॉलमध्ये. हॉलचं भाडं कमी करून घेताना मी काकांना लहानपणापासून पाहिलं होतं. ते आधी खुर्च्या मोडक्या आहेत म्हणून सांगायचे, मग नळ गळतो म्हणायचे, आणि शेवटी म्हणायचे, आम्ही येतो म्हणून तुमच्या हॉलला जाग असते, खरं तर तुम्हीच आम्हाला काहीतरी द्यायला हवं. मी ते वाक्य पाठ केलं होतं. फक्त होळीच्या बाबतीत काकांचं काही चालत नसे. उघड्यावर आग पेटवायला खेमेंते, म्हणजे तिथली नगरपालिका, परवानगी देत नसे. म्हणून दरवर्षी टेबलफॅन उताणा ठेवून त्यावर लाल कागदाच्या पट्ट्या आणि खाली दिवा, अशी होळी व्हायची. आदल्या वर्षी प्रदक्षिणा घालताना सबनीस काकूंचा पदर पंख्यात गेला होता.

त्या थंडीत काका आमच्याकडे जेवायला आले आणि चित्र बघून ताटावरून उठले.

“वैजू, हे मंडळाला दे.”

“देणार नाही. एक दिवस वापरायला देईन.”

“बरं, एक दिवस.”

“मला काय मिळेल?”

“वैजू!” बाबा म्हणाले.

“बोलू द्या हो तिला,” काका परत ताटावर बसत, हसत म्हणाले. “काय पाहिजे? चॉकलेट?”

“निनादची सायकल.”

निनाद त्यांचा मुलगा. तो अमेरिकेला शिकायला गेला होता आणि त्याची निळी सायकल त्यांच्या गॅरेजात उभी होती. मी आईची सायकल चालवायचे, पुढे टोपली असलेली, चढावर म्हशीसारखी अडणारी. आणि नायमेखनला चढ आहेत, ह्या देशात इतरत्र नसले तरी.

“एका दिवसाला अख्खी सायकल? अगं, दहा गियर आहेत तिला.”

“सात चालतात. मी मोजलेत.”

“तरी पण…”

“काका, ती नुसती जागा अडवून उभी आहे. मी घेऊन जाते म्हणजे तुमचं गॅरेज मोकळं होतं. खरं तर तुम्हीच मला काहीतरी द्यायला हवं.”

काकांचा घास हातात राहिला. “हे वाक्य माझं आहे,” ते म्हणाले.

“म्हणून तर तुम्हाला पटेल.”

त्यांनी हात पुढे केला. मी भाताचा हात तसाच त्यांच्या हातात दिला. आईने कपाळाला हात लावला. सौदा असा ठरला: चित्र एक दिवस त्यांचं, सायकल कायमची माझी. साक्षीला आई, बाबा आणि चार भिंती.

होळीच्या दिवशी आईने पहाटेपासून पुरणपोळ्या केल्या. हरभऱ्याची डाळ सुरिनामी माणसाच्या दुकानातली, गुळाऐवजी इथली ओलसर तपकिरी साखर, वेलची मात्र पुण्याची. तीस पोळ्या, कटाच्या आमटीचं बंद झाकणाचं पातेलं, आणि आईच्या जुन्या सुती साडीत गुंडाळलेलं चित्र. आई-बाबा बसने गेले. चित्र गर्दीच्या बसमध्ये मावेना, म्हणून ते मी आईच्या सायकलवर उभं धरून स्टेशनावर न्यायचं ठरलं. पुलाजवळ वाऱ्याने त्याचं शीड केलं. मी डावीकडे वळवत होते आणि सायकल उजवीकडे एका फुलवाल्याच्या दुकानात चालली होती. पण मी चित्र सोडलं नाही. ट्यूलिपच्या दोन बादल्या पडल्या, त्या फुलवाल्याशी घासाघीस करून मी अर्धी चूक वाऱ्याची ठरवली आणि गाडी गाठली.

हॉलच्या दारात निळी सायकल उभी होती. काका खरंच घेऊन आले होते. पुसलेली, कुलूप घातलेली. मी घंटी वाजवून पाहिली. काकांनी झब्ब्याच्या खिशातून किल्ली काढून मला दाखवली आणि परत खिशात टाकली. “आधी होळी,” म्हणाले.

चित्र हॉलच्या मधोमध खुर्चीवर ठेवलं. भोवती रांगोळी. आईने नैवेद्य दाखवला, काकांनी नारळ वाढवला, सगळ्यांनी पाच प्रदक्षिणा घातल्या. मागच्या बाजूने जाणाऱ्यांना नुसती फळी दिसत होती, पण कोणाची तक्रार नव्हती. टेबलफॅनपेक्षा लाख पटीने बरं, असं सबनीस काकू पदर खोचून म्हणाल्या. मग काकांनी आज्ञा केली आणि चाळीस माणसांनी तोंडावर पालथा हात मारून अशी बोंब ठोकली की खिडकीच्या काचा थरथरल्या. इंजिनियर, डॉक्टर, बायका, पोरं. बाबासुद्धा. बाबा सगळ्यांत जोरात.

दार धाडकन उघडलं आणि हॉलचा राखणदार हेंक आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन आत शिरला. त्याने चारी बाजूंना पाहिलं. आग कुठेच नव्हती. मग त्याला चित्र दिसलं. तो जवळ गेला, नळकांडं खाली ठेवलं, वाकून बघत राहिला. तो पूर्वी आपल्या गावच्या बंबावर होता, हे नंतर कळलं.

“तुम्ही का ओरडताय?” त्याने विचारलं.

“हा आमचा सण आहे,” काका ऐटीत म्हणाले. “आणि हे तुमच्याकडचं त्याचंच चित्र.”

“सण?” हेंक म्हणाला. “मेनेर, ह्यांचे पाय बघा. ही माणसं आगीकडे येत नाहीयेत. आगीतून पळतायत. हे घर जळतंय. ही बाई रडतेय. तिच्या हातात पाळणा आहे.” आणि मग, फार सभ्यपणे, “ह्यांच्यापुढे तुम्ही पोळ्या का ठेवल्यात?”

सबनीस काकांनी वाकून चित्रातल्या एकेकाचे पाय तपासले. मग एकदम कल्लोळ. “अहो, जळत्या घराला नारळ फोडला आपण!” “पाच प्रदक्षिणा घातल्या!” “आणि बोंबा मारल्या त्यांच्या नावाने!” सबनीस काकू नैवेद्याच्या पोळ्या उचलायला धावल्या. चित्रात जेवढी पळापळ होती तेवढीच बाहेर. फक्त आई हलली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं.

“तुला ठाऊक होतं?”

मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या आहेत, त्यांतल्या काहींवर माझं दुकान उभं आहे. आईपुढे जमलं नाही. “पहिल्या आठवड्यापासून,” मी म्हटलं.

“वर्षभर मी त्याला होळी म्हणून हात जोडले,” आई म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

आणि तेवढ्यात काका म्हणाले, “सौदा रद्द. मी होळी घेतली होती. जळकं घर नव्हे.”

“चित्र तेच आहे!” मी किंचाळले. “तुम्ही बघून घेतलंत! तुम्हीच ताटावरून उठला होतात!”

“तुला माहीत होतं आणि तू लपवलंस. लपवलेला माल परत जातो.”

मी आमटीच्या टेबलाला लाथ मारली. मला झाकण पाडायचं होतं, पातेलं सांडलं. कटाची आमटी काकांच्या पांढऱ्या झब्ब्यावरून खाली ओघळली, खिशातल्या किल्लीसकट. मग अर्थातच सगळ्यांची सहानुभूती झब्ब्याकडे गेली. आणि त्या आमटीत उभं राहून ह्या माणसाने आईला काय सांगावं? “वहिनी, असलं चित्र आता घरी नेऊ नका. माझ्या गॅरेजात पडू दे.” आईने त्यांचे आभार मानले. आभार! गाडीने आम्ही नायमेखनला परत निघालो. माझ्या मांडीवर नुसती रिकामी साडी होती. सायकलही गेली आणि चित्रही. एका दिवसात दोन्ही घालवल्याची माझी ही एकमेव वेळ.

पुढची वीसेक वर्षं मी काकांशी बोलायचे, कारण मंडळ लहान होतं. मग काकू गेल्या. वर्षश्राद्धाला झूटरमेरला गेले तर बैठकीत, सोफ्याच्या वर, वेगळा दिवा लावून ते चित्र. गॅरेजात नव्हे. चांगल्या कारागिराकडून साफ केलेलं, वार्निश दिलेलं, आणि काका कोणा नवख्या आयटीवाल्याला सांगतायत, “जुन्या बाजारात माझ्या नजरेला पडलं.” त्या श्राद्धाला मी जे बोलले ते लिहीत नाही. भटजींनी मंत्र थांबवले होते. त्यानंतर नऊ वर्षं आमचं बोलणं बंद. मधल्या काळात आई गेली, काकांनी फोन केला होता, मी उचलला नाही.

मागच्या थंडीत पुन्हा फोन आला. “वैजू, मी लहान घरात चाललोय. सामान काढायचंय. दुसरा कोणी व्यापारी आला तर मला फसवेल.”

“आणि मी?”

“तूही फसवशील. पण ते मला समजेल.”

मी गेले. मनात सगळी भाषणं तयार होती. काका दारात उभे होते, निम्मे झालेले, पण डोळे तसेच, भाव करणारे. मी कपाटं पाहिली नाहीत, खुर्च्या पाहिल्या नाहीत. सरळ चित्रापुढे जाऊन उभी राहिले. दुकानात रोज लावते तोच चष्मा लावून जवळून पाहायला लागले, आणि ज्वाळेच्या मधोमध एक लाल ठिपका दिसला. साफसफाईत सगळं उजळलं होतं, हा ठिपका मात्र जाड, खरबरीत, बोटाच्या टोकाएवढा.

“तो साफ करणारा म्हणत होता, हे मूळ चित्रातलं नाही, काढून टाकतो,” काका मागून म्हणाले. “मी म्हटलं, बाकी काय वाटेल ते काढ. तेवढं राहू दे. ते वहिनींचं आहे.”

मी चष्मा पुसत बसले.

“आणि ही कोपऱ्यातली कोंबडीवाली पाहिलीस?” काका काठीने दाखवत म्हणाले. “गाव जळतंय आणि ही भाव करतेय. रोज चहा पिताना मी हिला बघतो. म्हणतो, काय वैजू, आज तरी सोडशील का?”

“तिने सोडलेलं नाही,” मी म्हटलं. “नीट बघा. मान हलवतेय.”

“घेऊन जा चित्र,” ते म्हणाले. “तुझंच आहे.”

फुकट मिळणाऱ्या वस्तूचा मला मनस्वी संशय येतो. आणि त्या खोलीत चित्राशिवाय त्यांच्याशी बोलणारं दुसरं कोणी राहिलं नव्हतं, हेही दिसत होतं. मी खुर्ची ओढून समोर बसले. म्हटलं, “असं नाही. जो सौदा झाला होता तोच पुरा करायचा. फक्त एका दिवसाच्या ऐवजी तुम्ही असेपर्यंत चित्र तुमच्याकडे. नव्या घरात खिळा मी ठोकून देईन. तुमच्यानंतर ते माझं. मागच्या फळीवर लिहून द्या.”

“माझ्या मरणाचाही भाव करतेस?”

“तुमच्याकडूनच शिकले.”

त्यांनी लिहून दिलं. अक्षर कापरं, सही मात्र अध्यक्षांची. मग मी हात पुढे केला. “आता सायकल.”

ती होती. गॅरेजात, रंगाच्या डब्यांच्या मागे, निळी की तपकिरी ते ओळखू न येणारी. किल्ली त्यांनी एका रिकाम्या हिंगाच्या डबीतून काढून दिली. कुलूप उघडलं. दोन्ही चाकांत हवा नव्हती. मी पंप मागितला, तर दाराला टेकून म्हणतात, “पंप सौद्यात नव्हता.”

पन्नाशीच्या बाईने गंजलेली सायकल हाताने ढकलत स्टेशनापर्यंत नेली. लोक वळून बघत होते. सातातले तीन गियर अजून चालतात. पण त्या पंपाचं मी विसरणार नाही.